मार्तंडभाऊंची मात्रा

मार्तंडभाऊ मंगळवारी सकाळी सव्वासातला गेले आणि आठ वाजता रुपराव माझ्या दारात उभे होते. त्यांच्या एका हातात खडूची पेटी होती आणि दुसऱ्या हातात ओला फडका.

"गुरुजी, फळ्यावर चार ओळी लिहून द्या. तुमचं अक्षर चांगलं आहे," ते म्हणाले.

माझे अक्षर चांगले आहे हे मी नाकारत नाही. चौतीस वर्षे मी प्राथमिक शाळेत शिकवले आणि निवृत्त झाल्यावरही शिकवणे सुटले नाही. आमच्या कॉलनीच्या फाटकाशी जो काळा फळा आहे, त्यावर मी रोज सकाळी मुलांसाठी एक शब्द लिहितो. त्या दिवशीचा शब्द 'चिकाटी' होता. रुपरावांनी फडक्याने तो पुसला आणि 'काटी' एवढे राहिले तेव्हा माझ्याकडे पाहून म्हणाले, "आज शब्द नको. आज मोठा माणूस गेला आहे."

रुपराव आमच्या सोसायटीचे सचिव. मूळचे मौद्याकडचे शेतकरी घराणे, स्वतः वीज खात्यात कारकून म्हणून आयुष्य काढलेले. कुठल्याही कागदावर सही करण्याआधी ते तो उलटा करून मागची बाजूही पाहतात. एकेकाळी मंत्री असलेल्या मार्तंडभाऊंबद्दल त्यांचे मत विचारले तर ते म्हणत, "आमच्या सुनेची बदली रामटेकहून नागपुरात भाऊनं एका फोनवर करून देली. अन् पावसाळ्यात माझ्या बैठकीत गुडघाभर पाणी येते तेही भाऊमुळंच. आता तुम्हीच सांगा."

यात सांगण्यासारखे काही नव्हते. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मार्तंडभाऊंनी आमच्या मागचा नाला बुजवून त्यावर व्यापारी संकुल बांधले होते. त्या संकुलात आजतागायत व्यापार झाला नाही, पण नाल्याने आपला धंदा बंद केला नाही. तो दर जुलैत आमच्या घरांतून वाहतो. त्याच मार्तंडभाऊंनी कॉलनीला एक सभागृहही बांधून दिले. त्याला स्वतःचे नाव दिले, पण दिले. त्या सभागृहात रोज संध्याकाळी पाच ते साडेसहा माझा वर्ग भरतो. वर्गात चौदा मुले आणि एक कौशल्याबाई. कौशल्याबाई शहात्तर वर्षांच्या. नात दामिनीला सोडायला येत आणि मागे बसून राहत. गेल्या दिवाळीनंतर एके दिवशी त्या म्हणाल्या, "गुरुजी, बसतोच आहो तं मले एक पाटी देऊन द्या." तेव्हापासून पंधरा.

तर चार ओळी. मी खडू घेतला आणि लिहिले, 'लोकनेते मार्तंडभाऊ यांचे दुःखद निधन.'

मागून आवाज आला, "कोणाले दुःखद?"

हे प्रेमानंद. आमच्या डाव्या हाताला राहतात. माहितीच्या अधिकाराखाली त्यांनी मार्तंडभाऊंबद्दल इतके अर्ज केले होते की उत्तरे ठेवण्यासाठी वेगळे कपाट घ्यावे लागले. दोघांची प्रत्यक्ष भेट कधी झाली नाही. पण इतका पत्रव्यवहार मी सख्ख्या भावांतही पाहिलेला नाही.

"फळा साऱ्या कॉलनीचा आहे ना?" प्रेमानंद म्हणाले. "मंग ज्याले दुःख झालं त्यानं आपल्या घरी लिवावं. अन् लोकनेते म्हणजे? कोणते लोक?"

मी 'दुःखद' आणि 'लोकनेते' पुसले. 'स्वर्गवास' लिहिले तर त्यांनी पत्ता कुणी तपासला असे विचारले. 'कधीही न भरून निघणारी पोकळी' यावर ते म्हणाले, "नाला होता तेव्हा होती ना पोकळी. त्यानंच भरली." रुपराव मध्येच 'कैलासवासी' सुचवून गेले. मी त्यांना समजावले की कैलासही पत्ताच आहे.

एव्हाना फाटकाशी वीसेक माणसे जमली होती. कुणी दूध आणायला निघाले होते, कुणी कूलरचे गवत बदलायला माणूस बोलवायला. दुःखाच्या प्रसंगी माणसाची शब्दसंपत्ती किती वाढते हे मी त्या दिवशी पाहिले. पाऊण तासात अठ्ठावीस शब्द आले आणि अठ्ठावीस गेले. फळा पुसून पुसून पांढरा झाला. शेवटी मी चौतीस वर्षांचा अनुभव पणाला लावून दोन शब्दांचे वाक्य लिहिले.

'मार्तंडभाऊ गेले.'

प्रेमानंदांनी ते दोनदा वाचले. "हे खरं आहे," ते म्हणाले. रुपराव फळ्याची मागची बाजू पाहून आले आणि त्यांनीही मान डोलावली. एक कर्ता, एक क्रियापद. त्यात भांडायला जागाच नव्हती.

एक मात्रा मात्र होती. तिच्याकडे कुणाचे लक्ष गेले नाही, माझेही.

मी पोहे खायला चौकात गेलो. शहर आपापल्या परीने शोक करत होते. मार्तंडभाऊ आयुष्यात तीन पक्षांत होते, त्यामुळे चौकात तिन्ही पक्षांचे फ्लेक्स लागत होते. तिन्हीवर फोटो तोच, गळ्यातला रुमाल तेवढा वेगवेगळ्या रंगाचा. तिन्हीवर 'श्रध्दांजली' चुकीचे लिहिलेले होते. एवढ्या एका बाबतीत तिन्ही पक्षांत एकमत दिसले. पलीकडच्या गल्लीत कुणीतरी फटाक्याची माळ लावली. चौकशी केल्यावर मॅच जिंकल्याचे सांगितले. त्या दिवशी मॅच नव्हती. शाळा अर्ध्यात सुटल्यामुळे मुलांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मात्र कोणत्याही पक्षाचा नव्हता.

अकराला परत आलो तर फळ्यावर लिहिले होते, 'मार्तंडभाऊ गेला.'

मी शिक्षक आहे. चूक दिसली की हात आपोआप खडूकडे जातो. मी काना पुसला, मात्रा दिली आणि घरी येऊन झोपलो. चारला उठून पाहिले तर पुन्हा 'गेला'. या वेळी मात्र फळ्यासमोर पिंटू उभा होता आणि मोबाइलवर फोटो काढत होता.

पिंटू चाळिशीचा आहे, पण त्याला दुसरे नाव असल्याचे कुणाला आठवत नाही. तो मार्तंडभाऊंचा माणूस. तिन्ही पक्षांत त्यांच्याबरोबर गेला आणि प्रत्येक वेळी आधीच्या पक्षाला शिव्या देण्याचे काम त्याच्याकडे होते. सकाळपासून रडून त्याचे डोळे सुजले होते. त्याच्या दुःखात खोट नव्हती, हे मी इथे स्पष्ट लिहून ठेवतो.

"गुरुजी, हे का आहे?" तो म्हणाला. "आमचा भाऊ गेला अन् तुमची कॉलनी त्याले गेला म्हणते?"

"तूसुद्धा आत्ता गेला म्हणालास," मी म्हणालो.

"मी म्हणन. फळ्यानं काहून म्हणावं?"

हा प्रश्न व्याकरणाच्या कुठल्याही पुस्तकात नाही. तेवढ्यात फोटो कुठे कुठे पोचला कोण जाणे, कारण पाच वाजता सभागृहाला कुलूप लागले. चावी पिंटूकडेच असते. "ज्यानं मात्रा काढली त्यानं समोर यावं, भाऊच्या फोटोची माफी मागावी. तोवर सभागृह बंद. गुरुवारची शोकसभा पण दुसरीकडं घेऊ, अन् तुमचा वर्गही दुसरीकडंच न्या," तो म्हणाला.

दुसरीकडे म्हणजे कुठे, हे मला ठाऊक नव्हते. खेळायचे मैदानही नाल्याबरोबर संकुलाखाली गेले होते. आमचे घर दोन खोल्यांचे, त्यात एक कूलर. त्या संध्याकाळी वर्ग सभागृहाच्या पायऱ्यांवर बसला. मुले खूश होती, पण तीन पालक येऊन मुलांना घेऊन गेले. भानगडीची जागा नको म्हणाले. पंधराचे बारा झाले. कौशल्याबाई सर्वांत वरच्या पायरीवर बसून पाटीवर काहीतरी गिरवत होत्या आणि अधूनमधून पदराने डोळे पुसत होत्या. मला वाटले, खडूची भुकटी गेली असेल.

रुपरावांनी रात्रीच्या जेवणाआधीच चौकशी समिती नेमली. त्यात ते एकटेच होते. पहिला संशय अर्थात प्रेमानंदांवर.

"मी?" प्रेमानंद अपमान झाल्यासारखे म्हणाले. "मले लिवायचं असतं तं मी 'गेले'ला हात नसता लावला. त्याच्याआधी 'एकदाचे' लिवलं असतं. एकदाचे गेले. आदरार्थी."

हे समितीला पटले. दुसरा संशय माझ्यावर आला.

"राग नका मानू गुरुजी," रुपराव म्हणाले. "पण तो काना पाहून राहिलो मी. तसा काना ह्या कॉलनीत कोण काढते?"

मी रागावलो नाही. मी फळ्याजवळ गेलो आणि चष्मा लावून पाहिले. काना खरोखर उत्तम होता. शिरोरेषेला बरोबर चिकटलेला, वरून खाली एका दमात आलेला, कुठे थरथर नाही. काना ओढताना श्वास रोखून धरायचा, हे मी मुलांना शिकवतो. हा काना श्वास रोखून काढलेला होता. म्हणजे गुन्हेगार माझ्याच वर्गातला होता. शिक्षकाच्या आयुष्यात अभिमान आणि धसका एकाच क्षणी येण्याचे प्रसंग फार नसतात.

घरी आल्यावर मी शामलाला हे सांगितले. शामला माझी पत्नी. ती वांगी चिरत होती.

"मग उद्या मुलांना विचारा," ती म्हणाली. "पण विचारण्याआधी ठरवा, सापडलं तर त्या लेकराला पिंटूच्या हवाली करणार आहात का."

मी ठरवू शकलो नाही. मुलाचे नाव दिले तर सभागृह उघडणार. नाव दिले नाही तर वर्ग पायऱ्यांवर, आणि हळूहळू पायऱ्यांवरूनही उठणार. वांगी मात्र चांगली झाली होती.

बुधवारी सकाळी हवालदार आले. पिंटूने चौकीत अर्ज दिला होता. हवालदारांचे नाव जितेंद्र. तरुण, नम्र, आणि हातात जाड रजिस्टर. त्यांनी आमच्या बाहेरच्या खोलीत बसून विचारले, "गुरुजी, तक्रारीत लिवलं आहे की अज्ञात इसमानं मात्रा काढून नेली. किमती होती का?"

मी त्यांना फळ्यापर्यंत नेऊन मात्रा दाखवली, म्हणजे ती जिथे असायला हवी होती ती जागा. मग काना पुसून, मात्रा देऊन आदरार्थी बहुवचन समजावून सांगितले. माणूस एकच असतो, पण त्याला मान द्यायचा म्हणून क्रियापद अनेकवचनी येते. सर आले, काका बसले, भाऊ गेले.

"म्हणजे एकच गेला, तरी गेले," हवालदार म्हणाले.

"बरोबर."

त्यांनी रजिस्टर उघडले. "मंग मृतांच्या रकान्यात किती लिवू?"

प्रश्न चांगला होता. असे प्रश्न विचारणारा विद्यार्थी मला नेहमी आवडतो. मी त्यांना एक लिहायला सांगितले. त्यांनी दोन-चार वाक्ये स्वतः करूनही दाखवली. 'साहेब आले. चोर आला.' मी शाबास म्हणालो. जाताना त्यांनी सांगितले की नाव कळले तर कळवा, नाहीतर शुक्रवारी येऊन तुमचाच जबाब घेतो.

दुपारी फळा पुन्हा 'गेला' झाला. या वेळी मी पुसला नाही. त्या कान्यावर पुन्हा हात फिरवायचा धीर होईना.

संध्याकाळी पायऱ्यांवर नऊ मुले उरली होती, आणि कौशल्याबाई. मी ठरवले होते की कुणाला दरडावायचे नाही. मी शुद्धलेखन घातले. सर्वांना 'गेला' लिहायला लावले, म्हणजे कान्यावरून ओळख पटेल. मुलांनी पाट्या वर केल्या. सगळ्यांचे काने सरळ होते. एकाचाही वाकडा नव्हता. चौतीस वर्षांत माझ्या मेहनतीचे इतके संपूर्ण फळ मी पाहिले नव्हते आणि तपासाच्या दृष्टीने ते पूर्णपणे निरुपयोगी होते.

तेवढ्यात फाटकातून पिंटू आला आणि पायऱ्यांच्या बाजूला हात बांधून उभा राहिला. मी शिकवणे चालू ठेवले. मुलांसमोर थांबलो तर तो जिंकला असता.

"दामिनी, बाबा घरी आले तर काय म्हणशील?"

"बाबा आले."

"आणि आई आली तर?"

"आई आली."

"का? आईला मान नाही द्यायचा?"

दामिनी गोंधळली. "आई आलीच म्हणतात, गुरुजी. आई आल्या म्हटलं तर सासू वाटते."

मुले हसली. "बरं, देवाला काय म्हणतो आपण? देव पावला की देव पावले?"

"पावला," मुले एका सुरात म्हणाली.

"मग देवाला मान कमी का?"

खरे सांगायचे तर मी हा प्रश्न भरात विचारून बसलो होतो आणि पुढचे उत्तर जुळवत होतो. तेव्हा सर्वांत वरच्या पायरीवरून आवाज आला.

"ते मी केलं, गुरुजी."

कौशल्याबाई उभ्या राहिल्या होत्या, वर्गात उत्तर देताना उभे राहायचे असते म्हणून. पाटी छातीशी धरली होती.

"तीनदा मीच केलं. मले वाटलं तुमची चूक झाली. मी बरोबर करो, अन् कोणतं तरी पोट्टं येऊन बिघडवून जाये."

ते पोट्टं मी होतो. पण हे सांगण्याची वेळ नव्हती.

"मावशी, तुम्ही?" पिंटू पुढे आला. "भाऊले गेला म्हटलं तुम्ही?"

"तं का म्हणू?" त्या म्हणाल्या. "कन्हानले आमच्या बाजूच्या खोलीत राहे तो. त्याची माय कोळशाच्या खाणीवर जाये, अन् हा माह्या कडेवर. माह्या ताटात जेवे. मंत्री झाला तेव्हा गाड्या घेऊन आला माह्या दारात. मी घाबरून म्हटलं, या बसा. तं रागावला माह्यावर. म्हणे, मावशी, मी का पाहुणा आहो? ये म्हण. ये म्हटलं तेव्हा बसला."

पिंटूने बांधलेले हात सोडले.

"नाला बुजवला तेव्हा मी त्याले शिव्या घातल्या फोनवर. तेही ये-जाच्याच," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "गुरुजी, काल सकाळी फाटकाजवळून जाऊन राहिली होती. कोणी नव्हतं. फळा आपल्या आपण वाचला मी. जिंदगीत पहिल्यांदा, कोणाले न विचारता. मा-र-तं-ड. वाचला, अन् तो गेलेला." त्यांनी पदर डोळ्यांना लावला. या वेळी खडूची भुकटी नव्हती हे मला कळले. "तुमचे गेले असतील गा बापा. माहा तो गेला."

आदरार्थी बहुवचनावर मी आजवर किमान दीडशे पाठ घेतले असतील. एवढ्या वर्षांत हा नियम पुरता मला त्या पायरीवरून कळला. ज्याला लांबून पाहायचे त्याला बहुवचन. जो ताटात जेवला त्याला कुठले.

पिंटूने खिशातून चावी काढली, सभागृहाचे कुलूप उघडले आणि दिवे लावले. दोन-चार खुर्च्या उगाच सरळ केल्या. बाहेर येऊन म्हणाला, "मावशी, उद्या शोकसभेत दोन शब्द बोलसान का?"

"मी का बोलू? तिथं सारे गेले-गेले म्हणतील."

"तुम्ही गेला म्हणा," पिंटू म्हणाला. "कोणी काही बोलला तं मी आहो."

गुरुवारी त्या बोलल्या. दीड मिनिट. त्यात नाल्याचाही उल्लेख होता. तिन्ही पक्षांचे लोक पुढच्या रांगेत होते आणि टाळी वाजवायची की नाही हे कुणाला ठरवता येईना. प्रेमानंद मागच्या खुर्चीवर होते. बाहेर पडताना मला म्हणाले, "अठरा वर्षं भांडलो त्याच्याशी. आता अर्ज कोणाले करू?" चार पावले गेल्यावर त्यांच्या लक्षात आले की ते 'त्याच्याशी' म्हणाले. ते थांबले, पण त्यांनी दुरुस्ती केली नाही.

शुक्रवारी ठरल्याप्रमाणे हवालदार जितेंद्र जबाब घ्यायला आले. पिंटूने अर्ज मागे घेतला होता, पण अर्ज मागे घेतल्याचाही जबाब लागतो. मी सविस्तर सांगितले की 'गेले' आणि 'गेला' ही दोन्ही रूपे शुद्ध असून कुणी काहीही काढून नेलेले नाही. त्यांनी मन लावून लिहून घेतले. काने सरळ येत होते, हे मी पाहिले.

मग त्यांनी रजिस्टर माझ्यापुढे सही करायला सरकवले. मी वाचले. 'सदर वसंत गुरुजी हा आज रोजी समक्ष हजर राहिला. तो म्हणाला की दोन्ही बरोबर आहेत.'

मी पुन्हा वाचले. हवालदारांकडे पाहिले. ते माझ्याकडे शाबासकीच्या अपेक्षेने पाहत होते.

स्वयंपाकघराच्या दारात शामला चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिनेही माझ्या खांद्यावरून वाचले.

"करा सही," ती म्हणाली. "घरचा समजला असेल तुम्हाला."

मी सही केली.